खांबाला चावलेला चिमटा

तोंडात लोखंड धरून बोलतोय, तेव्हा शब्द जरा चेपलेले आले तर सांभाळून घ्या. मी चिमटा. कपडे वाळत घालायचा नव्हे हं, तो आमच्यातला बारका. मी चांगला हातभर लांब, पोलादी दातांचा, आणि माझी स्प्रिंग अशी की मला उघडताना धडधाकट माणसाच्याही तोंडातून 'हुं' निघतं.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरानं माझे दात घासून टोकदार केले आणि मला एका जाड वायरीला जोडलं. रंगाखालचं लोखंड शोधून चावायचं, एवढंच माझं काम. त्या कामाला लागलो ते एका इथेनॉलच्या डेपोत, टँकर भरायच्या जागी. माझ्या वायरीचं दुसरं टोक एका पेटीत, पेटीवर दिवा. मी टँकरला नीट चावलो की दिवा हिरवा होतो आणि हिरवा झाल्याशिवाय पंप सुरूच होत नाही. केवढा तो पंप, पण माझ्या परवानगीशिवाय त्याचं काही चालत नसे. थोडा माज होता मला त्याचा, कशाला लपवू?

एवढी खबरदारी कशासाठी, तेही सांगतो. इथेनॉल नळीतून वेगानं पडू लागलं की टँकरच्या अंगावर वीज साचत जाते. नायलॉनचा सदरा डोक्यातून काढताना चटचट वाजतं ना, तीच वीज. टँकर उभा रबरी टायरांवर, तेव्हा तिला जमिनीत उतरायला वाट नाही. ती वाट म्हणजे मी. मी नसलो तर ती आपली वाट आपण शोधते, आणि नेमकी टाकीच्या तोंडाशी, जिथे वाफ दाटलेली असते. एक ठिणगी पुरे. बरं, हे जळतं तेही मुकाट्यानं. भर उन्हात ना ज्योत दिसते, ना धूर.

टँकर भरणाऱ्या माणसाला इथे सगळे मामा म्हणतात. जिभेला हाड नाही, पण मनानं साधा. टाकीवर चढलेल्या ड्रायव्हरला, "वर जागा रिकामी आहे का बघून ये," म्हणून चिडवणार आणि तो उतरला की स्वतःचा चहा त्याच्यापुढे सरकवणार. मलाही आधी तो प्रेमानं वागवायचा. दात फडक्यानं पुसायचा.

मग जाड रंगाचे नवे टँकर येऊ लागले. मला चार ठिकाणी लावून बघावं लागे, रंग खरवडावा लागे. मागे रांग, रांगेत हॉर्नचा कलकलाट आणि डेपोच्या साहेबांचं एकच पालुपद, गाड्या पुढे ढकला. एकदा मामा इतका वैतागला की त्यानं मला पेटीशेजारच्या लोखंडी खांबाला लावून टाकलं. खांब जमिनीतच रोवलेला. मी चावलो, दिवा हिरवा झाला, पंप धावू लागला. टँकरला मी शिवलोही नव्हतो. साहेबांनी हे पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

तेव्हापासून मी इथे अडकलोय. सुटायचं म्हटलं तर माझीच स्प्रिंग मला सुटू देत नाही. टँकर माझ्यापासून वावभर अंतरावर येतात, भरतात, जातात. दातांत गंज चढलाय, फडकं कधीचं दिसलं नाही. आणि त्या दिव्याचा तर मला असा राग येतो म्हणून सांगू. माझ्या नावावर दिवसभर खोटं बोलतो आणि मी तोंड बंद करून ऐकतो. जीव घुसमटतो हो.

मामाची सख्खी भाची टँकर चालवते. आधी तिचे वडील चालवायचे, म्हणजे मामाचे दाजी. एका दुपारी, दुसऱ्याच कुठल्या डेपोत, सांडलेलं इथेनॉल पेटलं होतं. कोणाला दिसलंच नाही. दाजी आपले सरळ त्यात चालत गेले. जीव वाचला, पण हाताची बोटं आखडली ती आखडलीच. मग स्टिअरिंगवर मुलगी बसली. हे सगळं मी मामाच्या तोंडून ऐकलंय, आणि हे सांगताना त्याला थट्टा सुचत नसे.

तिची गाडी पहिल्यांदा इथे लागली तेव्हा मामा तडक माझ्याकडे आला आणि त्यानं मला खांबावरून काढलं. सुटलो एकदाचा, असं वाटलं मला. त्यानं गाडीचा रंग नीट खरवडला, मला लावलं, दिवा हिरवा झाला तरी वायर ओढून खात्री केली. गाडी भरून झाली. मग तो मला घेऊन पुन्हा खांबाकडे निघाला. भाची आरशात बघत होती. ती खाली उतरली.

"मामा, मागच्या गाडीला नाही लावत?"

मामा म्हणाला, त्यांचं ते बघतील, तू नीघ, रांग खोळंबलीये.

"बाबांच्या वेळीही कोणीतरी असंच म्हटलं असेल," ती म्हणाली.

मामाचा चेहरा खर्रकन उतरला. तिनं गाडी पुढे घेतली आणि फाटकात आडवी लावून किल्ली खिशात टाकली. मागच्या टँकरला चिमटा लागल्याशिवाय हलणार नाही म्हणाली. हॉर्न वाजले, साहेब तणतणत बाहेर आले, पण बाई ढिम्म. शेवटी मामानं मला त्या टँकरला लावलं, मग त्याच्या मागच्यालाही. त्या दिवशी मी दात दुखेपर्यंत चावत होतो आणि फार सुखात होतो.

साहेबांनी भाचीच्या गाडीला या डेपोत बंदी केली. मामानं पुढे काही दिवस नेटानं मला प्रत्येक टँकरला लावलं. मग एका दुपारी, रांग लांबलेली असताना, साहेब त्याच्या शेजारी येऊन नुसते उभे राहिले. मामानं मला खांबाला लावलं. आता तो कोणाला चिडवत नाही. माझ्याकडे बघतही नाही.

आत्ता एक टँकर लागलाय. केस पिकलेला ड्रायव्हर वर चढलाय, झाकण उघडून गुडघ्यांवर बसलाय. त्यानं वाकून विचारलं, "मामा, हिरवा आहे ना?"

मामानं दिव्याकडे पाहिलं, मग खांबाकडे.

"आहे," म्हणाला.

बाबांनो, तुमच्यापैकी कोणाच्या कानावर हे पडत असेल तर ऐका. टाकीवर चढण्याआधी दिव्यावर भरवसा ठेवू नका. माझी वायर धरा, तिच्या मागोमाग चालत या आणि मी कशाला चावलोय ते डोळ्यांनी बघा. खांबाला असलो तर मला सोडवून टँकरला लावा, मग खुशाल वर जा.

या लवकर. पंप सुरू झालाय.