अर्ध्या कॉम्प्युटरची वाटणी

वडिलांचं घर वाटून घेताना दोघा भावांनी अक्कल गहाण टाकली होती. शब्दाने शब्द वाढत गेला आणि भांडण शेवटी लहानपणीच्या कॉम्प्युटरवर येऊन ठेपलं. टीव्हीला जोडायचं ते मशीन थोरल्याने काखोटीला मारलं. मग धाकटा कसला ऐकतोय! त्याने कॅसेटींचा डबा आणि टेपरेकॉर्डर उचलला. आता गंमत अशी, की त्या मशीनवर खेळायचा प्रत्येक खेळ कॅसेटवरून चढवावा लागे, आणि बटण बंद केलं की साफ पुसला जाई. म्हणजे एकाकडे तोंड, दुसऱ्याकडे घास. नऊ वर्षं दोघेही उपाशी राहिले, पण बोलले नाहीत.

थोरल्याचं चष्म्यांचं दुकान होतं. लोकांना जवळचं-लांबचं दाखवण्यात त्याचा जन्म गेला, पण दोन गल्ल्यांपलीकडचा भाऊ तेवढा त्याला दिसत नव्हता. एकदा जेवताना बायको म्हणाली, "जाऊबाईंचा फोन होता. रविवारी निघतायत लेकीकडे. कायमचे. घर आवरणं चाललंय, उद्या भंगारवाला येणार आहे."

"मग मी काय करू?"

"काही नाही. कॅसेटींचा डबाही त्यालाच देणार आहेत म्हणे."

थोरल्याचा घास हातातच राहिला. रविवारनंतर भाऊ दोन गल्ल्यांपलीकडेही नसणार, हे त्याला आत्ता कुठे कळलं. तोंडाने मात्र तो म्हणाला, "कॅसेटी भंगारात? डोकं ठिकाणावर आहे का त्याचं?" आणि हात धुऊन माळ्यावर चढायला स्टूल शोधू लागला. बायको गालातल्या गालात हसली. डब्याचं तिने आपल्या पदरचं घातलं होतं.

दार धाकट्याच्या बायकोने उघडलं. आत खोक्यांच्या गराड्यात धाकटा उभा होता. त्याने आधी भावाकडे पाहिलं, मग त्याच्या काखेतल्या मशीनकडे, आणि आतून डबा आणि टेपरेकॉर्डर घेऊन आला. टीव्ही अजून जागेवरच होता. वायरी कुठे खुपसायच्या ते हातांना पाठ होतं.

टेपरेकॉर्डरचं झाकण ढिलं होतं. ते बोटाने दाबून धरायचं काम पहिल्यापासून धाकट्याचं. आवाजाच्या चकतीशेजारी रंगाचा ठिपका होता, चकती तिथवर फिरवायची ती थोरल्याने. आणि खेळ चढत असताना कुणी चकार शब्द काढायचा नाही. बोललं की खेळ बिघडतो, अशी त्यांची लहानपणापासूनची समजूत. तिला काडीचा आधार नव्हता, पण दोघांनी ती आजही पाळली.

कॅसेट किंचाळू लागली. पडद्यावर रंगीत पट्टे धावू लागले. दोघे तोंडाला कुलूप लावून शेजारी शेजारी बसले. इतकी वर्षंही असेच गप्प होते म्हणा, पण आज दोघेही एकाच गोष्टीची वाट बघत होते.

पट्टे मध्येच थांबले. खेळ फसला.

"बोट उचललंस!" थोरला ओरडला.

"मुळीच नाही! आवाज तू कमी ठेवलास."

"अगदी ठिपक्यावर आहे!"

"ठिपका कधीच पुसलाय. तो डाग आहे. चष्मेवाला म्हणे!"

थोरल्याने वाकून पाहिलं. खरंच डाग होता. त्याला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे कधी भरून आले ते त्यालाही कळलं नाही. धाकटा भिंतीकडे तोंड करून नाक पुसत होता.

"मागे घे कॅसेट, बारक्या," थोरला म्हणाला. "पुन्हा लावू."

या खेपेला खेळ चढला. खाणीत सोनं खणणारे दोन ठेंगू, डावीकडची बटणं दादाची, उजवीकडची बारक्याची. कोपरांनी एकमेकांना ढकलत दोघे खेळत सुटले. चहा दोनदा गरम करावा लागला. जिंकला धाकटा, अर्थात रडीचा डाव खेळून.

निघताना थोरल्याने डबा आणि टेपरेकॉर्डर आपल्या काखेत घेतला.

"आणि मशीन?" धाकट्याने विचारलं.

"ते तू ने लेकीकडे."

"कॅसेटींशिवाय? लोणचं घालू का त्याचं?"

"मी येईन की घेऊन. पुढच्या महिन्यात. झाकण धरायला तयार राहा."

 धाकट्याने बांधलेलं एक खोकं उघडलं, आतले आपले कपडे बाहेर काढले आणि मशीन टॉवेलात गुंडाळून त्यांच्या जागी ठेवलं.