लाल शेवाळाचा गरगऱ्या

मित्रांनो, मी एक जुना गरगऱ्या आहे. नळ्यांत भरलेले पाणी मी इतक्या वेगाने फिरवतो की त्यातले बारीक शेवाळ तळाशी बसते. स्वस्थ बसणे माझ्या स्वभावातच नाही. कारखान्यात पहिल्यांदा बटण दाबले गेले, तेव्हापासून ही तगमग सुरू आहे.

मला वहिनींनी आणले. त्या शेवाळाच्या अभ्यासक. घरामागच्या खोलीत, उंच काचेच्या बरण्यांत त्या हिरवे शेवाळ वाढवत. त्याला उपाशी ठेवून प्रखर दिवे लावले की ते स्वतःच्या बचावासाठी लाल रंग तयार करते. तो रंग खाद्यतेलात उतरवला की तेल लवकर खवट होत नाही. माझ्या नळीतून पहिला लाल गोळा निघाला तेव्हा वहिनींनी झाकणावर थाप मारली. "शाब्बास रे गरगऱ्या!" त्या एका थापेवर मी किती दिवस फिरलो!

पुढे त्यांचे दीर मदतीला आले. माणूस लाख मोलाचा, पण सदा घोड्यावर बसलेला. माझे बूड डळमळू लागले, तरी "नवीन यंत्र येणारच आहे" म्हणून दुरुस्ती राहूनच जाई.

अखेर एका तेलवाल्याने नमुना मागितला. शेवाळ लालबुंद झाले होते. त्याच दिवशी काढले नसते तर सडले असते. भावजींनी भराभर नळ्या भरल्या.

"भावजी, समोरासमोरच्या नळ्यांचं वजन सारखं आहे ना?"

"अहो वहिनी, थोडं इकडेतिकडे झालं तर काय आभाळ कोसळणार आहे? हे बघा, केलं सुरू!"

एका बाजूला वजन जास्त पडले आणि मी थरथरलो. मग धडधडत टेबलावरून सरकू लागलो. कडा जवळ येत होती आणि मला थांबता येत नव्हते. आत नळ्या फुटल्या. वहिनींनी धावत जाऊन वायर उपटली.

अर्धे शेवाळ काचांत गेले. "वहिनी, माझ्यामुळे झालं हे."

"ते नंतर बघू. उरलंय ते वाचवायचंय. तराजू आणा आधी."

काचा वेचून झाल्या. या वेळी भावजींनी थेंबाथेंबाने नळ्या सारख्या केल्या. वहिनी झाकणावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि मी दुखऱ्या कण्यानिशी हळूहळू फिरलो. आलेला गोळा त्यांनी वाळवला, कुटला, तेलात मुरवला. जेमतेम एक बाटली भरली. तेलवाल्याने ती साध्या तेलाशेजारी उन्हात ठेवली. साधे तेल खवट झाले, आमचे टिकले. काम मिळाले.

मला मात्र कोपरा मिळाला. माझ्या जागी आता नवे यंत्र फिरते. परवापासून त्याच्या आत बारीक किणकिण होते आहे आणि मला चैन पडत नाही. मित्रांनो, आम्हा यंत्रांना दुखले की आमचा आवाज बदलतो. तो बदलला की कितीही घाई असू द्या, बटण बंद करा आणि एकदा झाकण उघडून पाहा.