मुठीएवढा झोळ

भाद्रपदाची अमावास्या उजाडली ती शिशाच्या रंगाची. आभाळ शिशाचे, खाडी शिशाची, आणि ओहोटीने उघडी टाकलेली चिखलाची अफाट भुई, तीही तशीच, ओली, मंद, निस्तेज. रंग होता तो बांधाच्या अलीकडे. तिथे शंभर एकर भात उभे होते, हरितपीत, दुग्धभारे लवलेले, आणि त्याला कशाचाच पत्ता नव्हता.

बांधाला खांड पडली होती. पंधरा हातांचे भगदाड, आणि त्यातून दिसणारी खाडी. कालपर्यंतच्या भरत्या खांडीच्या तळातल्या मातीने अडवल्या होत्या, पण दुपारी बाराला वर्षातले सर्वांत मोठे उधाण येणार होते. ते आत शिरले की भात जळणार, आणि पुढची तीन वर्षे त्या मातीत काडी धरणार नव्हती.

खांड बुजवू शकेल असे यंत्र गावात एकच होते. बाळाराम घरताचा जुना साखळीचा ट्रॅक्टर. चाकांच्या जागी दोन लोखंडी साखळ्या, तोंडाशी माती लोटणारे रुंद पाते, पिवळा रंग कधीचाच उडालेला. कर्दमप्रिय, कूर्मगती, कृष्णधूम्र सोडणारा. गाव त्याला रेडा म्हणे.

आषाढात बाळारामाच्या अंगावरून वारे गेले. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि उजव्या हाताची मूठ जी मिटली ती मिटलीच. तेव्हापासून त्याची बायको चांगुणा रेडा हाकत होती. रेड्यावर यमीण बसली, म्हणून गावाने मनसोक्त हसून घेतले. आज तेच गाव रिकाम्या टोपल्या घेऊन बांधावर उभे होते, आणि कोणालाच हसू येत नव्हते.

कारण साखळी तिचे ऐकत नव्हती.

काल तिने सगळे त्याच्यासारखेच केले होते. साखळीतला चिखल खरवडून काढला, वरून सरळ बांबू आडवा टाकला, बांबू आणि साखळी यांच्यामधल्या झोळात मूठ घातली. मुठीएवढा झोळ राहीपर्यंत साखळी ताणणाऱ्या नळकांड्यात ग्रीस भरले. चार फेऱ्या बऱ्या गेल्या. मग चिखल दात्यांत चढला, साखळी ताठ झाली, रेडा गुदमरला, थांबला. रागारागाने तिने ग्रीस सोडले, तर वळणावर साखळी उतरूनच पडली. घट्ट केली तर श्वास कोंडे, सैल केली तर पाय सुटे. पहारीने ती पुन्हा चढवता चढवता तिचे तळहात फाटले होते.

आता उजाडले होते, साखळी ढिली लोंबत होती, आणि ती पुन्हा झोळात मूठ घालून बसली होती. लहानशी, सावळी, ग्रीसने माखलेली मूठ. तिच्याकडे पाहता पाहता चांगुणाच्या लक्षात आले आणि तिला स्वतःची लाज वाटली. तीस वर्षे ज्या मापाने रेडा चालला, ते माप ही मूठ नव्हतीच.

ती तशीच घरी गेली. बाळाराम भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडला होता. दोन महिन्यांत तो उंबऱ्याबाहेर आला नव्हता. आपले लुळे अंग गावाने पाहावे, हे त्याला मरणाहून अवघड होते. काल दिवसभर त्याने आपला रेडा गुदमरताना ऐकला होता.

"आवो," ती म्हणाली, "मना तुमची मूठ पायजे."

त्याने भिंतीकडचे तोंड वळवले. मग त्याने डावा हात पुढे केला, उठवण्यासाठी.

शेजारच्या जोमा ठाकुराने त्याला पाठुंगळी घेतले. बांधावरचे गाव बाजूला सरले.  त्याला साखळीशी बसवून चांगुणाने ती मिटलेली मूठ झोळात ठेवली. बांबूच्या दोन्ही टोकांवर दगड ठेवले. मोठी, जड, गार मूठ. दोन महिने चांगुणा ती खोबरेल चोळून उघडू पाहत होती. आज ती मिटलेली होती, हेच तिला हवे होते.

"लागला तं हात वर करा," ती म्हणाली, आणि खाली वाकून पिचकारीने ग्रीस भरू लागली. एक दट्ट्या, दुसरा, तिसरा. साखळी केसाकेसाने वर येऊ लागली. "लागतय का?" तिने विचारले. डावा हात वर गेला नाही. चौथा, पाचवा, सहावा.

"चांगुणे, थांब," जोमा म्हणाला.

तिने वर पाहिले. बांबू वाकला होता. मुठीच्या चारही सांध्यांवरची कातडी सोलून निघाली होती, आणि लोखंडावरून रक्त उतरत होते. बाळाराम शांतपणे भाताकडे पाहत होता. त्याला ठाऊकच नव्हते.

तिने ग्रीसची झडप अर्धा फेरा सोडली. जरासे ग्रीस बाहेर आले, साखळी किंचित सैलावली, मूठ मोकळी झाली. हेच माप. तेवढाच झोळ तिने दुसऱ्या साखळीलाही दिला, या वेळी बांबूवरची नजर न हलवता.

मग रेडा चालला. चिखल दात्यांत चढला आणि झडून गेला, पुन्हा चढला आणि पुन्हा झडला. लोट आणि माघार, लोट आणि माघार, आणि मागून टोपल्यांची रांग. खाडी भरत आली, बांध भरत आला. बाराला पाणी बांधाच्या माथ्याखाली वीतभरावर आले, घटकाभर थबकले, आणि उतरू लागले.

गाव ओरडले. चांगुणा खाली उतरली ती सरळ बांधावर बसवलेल्या नवऱ्याकडे गेली, त्याची मूठ मांडीवर घेऊन पाण्याच्या काठाशी बसली. ताज्या जखमेवर खाडीचे पाणी पडले की दांडगा माणूसही कळवळतो. तिला तो कळवळायला हवा होता. तिने ओंजळ भरली, मुठीवर सोडली, आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

बाळारामाचे डोळे भातावरच होते, निवलेले, तृप्त. खारे पाणी तिच्याच फाटक्या तळहातांत शिरले, झोंबले, झोंबत राहिले. तिने पुन्हा ओंजळ भरली.