जुना दाखवा, नवा न्या

तटरक्षक ठाण्याच्या भांडारात नाही अशी वस्तू नव्हती. फक्त ती मिळत नसे. भांडारपालांना पाठीमागे सगळे ‘कुलूप’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. नियम एकच: जुनं जमा करा, नवं न्या. झिजलेला ब्रश आणा, ब्रश घ्या. एकदा एका खलाशाने साबण मागितला, तेव्हाही सवयीने तोंडून गेलं, “जुना कुठंय?”

गस्ती नौकेचा बोसन, म्हणजे डेकवरच्या दोरांचा नि साखळ्यांचा कारभारी, याच्याशी त्यांचं विशेष जमे. म्हणजे रोज भांडण होई. मागे तो बंद पडलेल्या होड्या ओढायचा जाड दोर मागायला आला.

“जुना?”

“हा घ्या.” बोसनने हातभर लांबीचा, पीळ सुटलेला तुकडा टेबलावर ठेवला. “बाकीचा पार कुजला, साहेब. घाण वास मारत होता, टाकून दिला. आणू का उचलून?”

“नको नको!” कुलपाने नाकाला रुमाल लावूनच नवा दोर दिला.

आज मात्र ते भांडार उघडं टाकून रेडिओच्या खोलीत बसले होते. दादाच्या मासेमारी होडीचं इंजिन बंद पडलं होतं आणि वारा तिला खडकांकडे रेटत होता. दादा म्हणजे कुलपांचा थोरला भाऊ. वडील गेल्यावर शाळा सोडून त्याने जाळं हाती घेतलं आणि धाकट्याला शिकवलं. धाकटा नव्या शर्टात परीक्षेला गेला, तेव्हा दादा ठिगळाच्या शर्टात दर्यावर होता.

“होडीचा नांगर घसरतोय,” रेडिओवर गस्ती नौकेचे कप्तान बोलत होते. “पुढे पाणी उथळ आहे, आम्हाला जवळ जाता येत नाही. लाटा अशा की रबरी बोटही उतरवता येईना. दोराला तरंगता बोया बांधून वाऱ्यावर सोडतोय.”

मग नुसती खरखर.

“दोर संपला. पोचत नाही.”

 नौकेवर दोर एकच आहे, हे कुलपाइतकं कुणाला माहीत असणार? एकच राहावा याची काळजी त्यांनीच तर घेतली होती. ठिगळाचा शर्ट त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

“थांबा. बोसन दुसरा जोडतोय.”

रेडिओ सांभाळणारी मुलगी गर्रकन वळली. “दुसरा? काका, तुम्ही चक्क दोन दिलेत?”

“म्हणजे काय!” कुलूप म्हणाले. एवढी मोठी थाप त्यांनी जन्मात मारली नव्हती.

दुपारी नौका धक्क्याला लागली, मागे दादाची होडी. घोंगडी गुंडाळलेला दादा उतरला. धाकट्याने त्याला मिठी मारली ती सोडेचना.

“अरे, मी भिजलोय, आता तूही भिजव आणखी,” दादा म्हणाला. “लोक बघतायत, डोळे पूस.”

बोसन मात्र दोराच्या वेटोळ्यामागे काहीतरी शोधण्याचं सोंग करत होता. कुलूप त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

“कुजला होता ना रे?”

“साहेब, ते आपलं...”

“घाण वास मारत होता.”

“तो वास बंदरावरच्या मासळीचा, साहेब.”

“आणि टाकून दिला होतास.”

“टाकलाच की, साहेब. आज. पाण्यात.”

आभार ही वस्तू कुलपाच्या भांडारातून कधी गेलीच नव्हती. शेवटी त्यांनी बोसनचे खारट, सोललेले हात आपल्या हातांत घेतले आणि म्हणाले, “फसवलंस मला. देव तुझं भलं करो. असाच फसवत जा.”

दुसऱ्या दिवशी बोसन भांडारात आला, तर टेबलावर नवा कोरा दोर. त्याने बिचकत विचारलं, “जुने... दोन्ही आणू?”

“राहू देत तुझ्याकडेच.” कुलपाने मान वर केली नाही. “पण साबणाचं असं चालायचं नाही, सांगून ठेवतो.”