रद्द करायलाही आकडा

"अरे, मला या चौकोनातून बाहेर काढा कुणीतरी," सासरे कॉम्प्युटरसमोर पुटपुटत होते.

आमचं ऑफिस म्हणजे घराचीच पुढची खोली. रोपवाटिकांना आपोआप पाणी सोडणारा प्रोग्राम आम्ही विकतो. तो लिहिते माझी नणंद, विकतो माझा नवरा, आणि गिऱ्हाइकांची बोलणी खाते मी. सासऱ्यांनी हात लावल्याशिवाय मात्र काही बाहेर जात नाही. वस्तू बिघडवण्यात त्यांचा हातखंडा.

सेटिंगमध्ये 'दर किती मिनिटांनी पाणी' असा चौकोन होता. पाच ते साठ. सासऱ्यांनी आधीचा आकडा पुसला, मग "राहू दे" म्हणत 'रद्द' दाबलं. लगेच पाटी आली: पाच ते साठमधला आकडा लिहा. पुन्हा 'रद्द'. पुन्हा पाटी.

"बाबा, आधी आकडा टाका, मग रद्द होईल," नवरा म्हणाला.

"मला काही बदलायचंच नाहीये, तर आकडा कशाला?"

"चिंगे, हे काय करून ठेवलंस?" नवरा बहिणीकडे वळला.

चिंगी म्हणजे नणंद. चाळिशीला टेकली, तरी चिंगीच.

"तूच म्हणालास दादा, चौकोन सोडतानाच तपासायचं. मी म्हणत होते, सेव्ह करताना तपासू."

"म्हणजे लोक वाट्टेल ते भरणार!"

"भरू देत की. सेव्ह होणार नाही. निदान निघता तरी येईल."

बोलता बोलता तिने हातातल्या फोनकडे पाहिलं. चिंगीला दुसऱ्या शहरातून नोकरीचं बोलावणं होतं. संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. दादा कधी नाही म्हणाला नव्हता. आधी म्हणाला, ही आवृत्ती निघू दे. निघाली. मग, बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊ दे. तेही झालं. आता म्हणे, बाबांना तुझ्यावाचून करमायचं नाही. मी? मी चहा ठेवला. अशा वेळी माझ्या हातून फार चहा होतो.

"करते दुरुस्त," चिंगी म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. फोन तिने पालथा ठेवला.

"शाब्बास!" नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. "आणि तुझ्या त्या नोकरीचं काय ते, बाबांचं बघून ठरवू."

सासऱ्यांनी काळा चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"माझं नाव पुढे करू नकोस. डोळा बराय माझा, आणि करमतंही मला. तिच्यावाचून अडतं ते तुझं. म्हणून तू तिला जाऊ देत नाहीस."