पिवळ्या कार्डाची नोंद

रेफरी सोमवार ते शनिवार वजनकाटे तपासायच्या खात्यात नोकरी करायचा आणि रविवारी फुटबॉलच्या मैदानावर उभा राहायचा. त्याची बायको म्हणायची, दोन्हीकडे काम एकच, लोकांच्या चुका काढायचं. घरात त्याच्या शिट्टीला कुणी भीक घालत नसे. मैदानावर मात्र त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, आणि त्या रेघेवर स्वारी जरा जास्तच खूश होती.

त्याचा काळा शर्ट कोपऱ्यावरचा शिंपी शिवायचा. पिवळं कार्ड छातीच्या खिशात, लाल कार्ड चड्डीच्या मागच्या खिशात, म्हणजे घाईत हात चुकत नाही. धावताना कार्ड पडू नये म्हणून शिंपी छातीचा खिसा बोटभर खोल ठेवायचा. शिंप्याचा मुलगा सव्वीस वर्षांचा, फरशा बसवायची कामं करायचा आणि डाव्या बगलेला खेळायचा. चपळ होता, पण तितकाच लबाड. कुणाचा वारा लागला तरी गडी पाय धरून लोळायचा आणि फ्री किक मिळाली की हसत उठायचा.

त्या रविवारी एकाहत्तराव्या मिनिटाला तो समोरच्या गोलजवळ छाती धरून कोसळला. पेनल्टी, पेनल्टी म्हणून प्रेक्षकांनी मैदान डोक्यावर घेतलं. रेफरी दहा पावलांवर होता. कुणीही मुलाला शिवलेलं नव्हतं, हे त्याने स्वच्छ पाहिलं. आणखी एक गोष्ट त्याच्या मनात आली, ती त्याने पुढे बायकोलाही सांगितली नाही. अंगावरचा शर्ट ह्याच्या बापाने शिवलाय हे सगळ्यांना ठाऊक होतं. आज नरम पडलो तर उद्या लोक तोंडावर बोलतील, असं त्याला वाटलं.

"ऊठ. नाटकं पुरे," तो म्हणाला आणि त्याने पिवळं कार्ड वर धरलं.

समोरच्या संघाने फ्री किक मारली, चेंडू दुसऱ्या टोकाला गेला आणि रेफरी त्याच्यामागे धावला. खेळाडूला गंभीर दुखापत झाली आहे असं रेफरीला वाटलं, तर त्याने खेळ थांबवायचा असतो. त्याला तसं वाटलं नव्हतं. दीड मिनिटाने समोरच्या संघाचा गोलकीपरच गोल सोडून पुढे आला आणि दोन्ही हात हलवून ओरडू लागला. तेव्हा शिट्टी वाजली. हृदय बंद पडून तो मैदानावरच गेला होता, असं इस्पितळात सांगितलं.

आठवड्याने शिंपी रेफरीच्या ऑफिसात आला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"साहेब, संघटनेच्या फळ्यावर सामन्याचा कागद लागलाय. त्यात माझ्या मुलाच्या नावापुढे लिहिलंय, एकाहत्तरावं मिनिट, दुखापतीचं सोंग. बाकी काही मागत नाही. तेवढं खोडा."

ते रेफरीनेच लिहिलं होतं, त्याच संध्याकाळी. दाखवलेलं कार्ड लिहावंच लागतं आणि पंधरा वर्षांत त्याने खोटा अहवाल दिला नव्हता. आता त्याने संघटनेला अर्ज लिहिला की चूक माझी होती, कार्ड रद्द करावं. तो घेऊन तो सचिवासमोर उभा राहिला.

सचिव वाईट माणूस नव्हता. त्याने अर्ज दोनदा वाचला. "एकदा खेळ पुन्हा सुरू झाला की निर्णय बदलता येत नाही. नव्या रेफरींना तुम्हीच शिकवता ना हे?"

शिकवायचा, आणि तेही बोट उंचावून.

"अहो, पण मीच सांगतोय की मी चुकलो."

"असेल. पण मैदानावर रेफरीचा शब्द शेवटचा."

"तो रेफरी मीच आहे!"

"म्हणूनच तर," सचिव हळू आवाजात म्हणाला आणि त्याने अर्ज परत केला.

रेफरीला स्वतःची किळस आली. ज्या अधिकाराच्या जोरावर तो एवढी वर्षं छाती काढून चालला, त्यात एक ओळ खोडायचीसुद्धा ताकद नव्हती. पाय ओढत तो शिंप्याच्या दुकानात गेला. शिंपी मशीनवर वाकून बाही जोडत होता.

"नाही होत, मास्तर," रेफरी म्हणाला. "हात जोडले, पण नाही होत. तुम्ही मला शिव्या घाला, मारा, काय हवं ते करा."

शिंप्याने मशीन थांबवलं. सुईखालचं कापड त्याने तसंच धरून ठेवलं.

"तुम्हाला काय शिव्या घालू, साहेब," तो म्हणाला. "त्या दिवशी सकाळी तो मला म्हणाला, बाबा, छातीत दुखतंय, आज नको जायला. मी म्हटलं, नाटकं पुरे, ऊठ."

रेफरीने परत आलेला अर्ज मशीनच्या कडेला ठेवला.

"मला वाटलं होतं, तुमचं तरी खोडता येईल," शिंपी म्हणाला, आणि त्याने पुन्हा मशीन सुरू केलं.