मास्तरांची रेघ

पापणी थरथरत होती. पडद्यावरच्या चितारलेल्या म्हातारीनं मान वळवून दाराकडे बघायचं, एवढाच तुकडा. पापणी स्थिर हवी. तिनं तो पुन्हा चालवून पाहिला, मग एकेक चित्र थांबवून... प्रत्येक चित्रात रेघ किंचित भलतीकडे जात होती. मास्तरांचा हात. म्हणजे आजही.

अ‍ॅनिमेशनच्या त्या कंपनीत फाइली तपासायच्या, चुकलेल्या परत पाठवायच्या, उरलेल्या दिग्दर्शकाकडे द्यायच्या, हे तिचं काम. मास्तरांच्या फाइली मात्र ती परत पाठवत नसे. आपणच रेघा सावरायच्या आणि त्यांच्याच नावानं पुढे सरकवायच्या — कित्येक महिने हेच चाललेलं. त्यांनीच तर शिकवलं होतं — मनगट सैल सोड, पोरी, रेघ खांद्यातून येते — आणि तिच्या ताठ मनगटावर टिचकी मारली होती... आता त्या माणसाला चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो, आणि तेवढा वेळ सगळे खिडकीबाहेर बघतात. त्यांचं काम परत पाठवायचं? मी?

"उघडलीस का?"

मास्तर पाठीमागेच उभे होते. तिचा हात झटकन माउसकडे गेला.

"राहू दे. काल मोठ्या पडद्यावर माझं काम बघितलं. सुरेख होतं. माझं नव्हतं."

"मास्तर, थोडंसंच..."

"कधीपासून?"

तिनं माउसवरचा हात काढून मांडीवर घेतला. शेजारच्या टेबलांवरची बोटंही थांबल्यासारखी वाटली.

"कीव आली होय माझी?" आवाज चढला नव्हता, तेच वाईट. "हे असंच जाऊ दे. हात लावू नकोस."

"ते काढून टाकतील तुम्हाला."

"काढू देत. निदान मला काढतील."

तिनं फाइल तशीच पाठवली. जेवणाच्या सुट्टीआधीच दिग्दर्शकाचं उत्तर आलं: हे काय आहे? दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. मास्तरांना माझ्याकडे पाठवा.

सांगायला तीच गेली. मास्तर नुसतं "बरं" म्हणाले. मग उठता उठता, "हे पेन कंपनीचंच ना? इथेच ठेवतो."

ते केबिनमध्ये गेले, दार लागलं. ती जागेवर येऊन बसली. दयाच होती ना ती? पण मागे एकदा दिग्दर्शक सगळ्यांसमोर म्हणाला होता, मास्तरांची रेघ अजून पंचविशीतली आहे हो — तेव्हा मास्तर खाली बघत होते, आणि मला... मला गोड वाटलं होतं, रेघ माझी होती ना. घरी जाईपर्यंत ते वाक्य मी जिभेवर घोळवलं होतं. त्यांचा चेहरा बघायचं सुचलंसुद्धा नाही.

रडू यायला हवं होतं. त्याची वाट बघत ती बसून राहिली. आत, खूप खोल, काहीतरी सुटल्यासारखं, मोकळं वाटत होतं. आणि ते कुणाला दिसू नये म्हणून तिनं चेहरा तसाच, पडलेला, ठेवला.